गुडघ्याची प्रश्नावली अरबीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मस्कत, दुबई, कुवेतमध्ये काम करणारे मराठी फिजिओथेरपिस्ट, पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रबंधासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आणि ओमान, येमेन, इराकमधून मुंबई-पुण्यात सांधेबदलासाठी येणाऱ्या रुग्णांशी रोज गाठ पडणारे लोक, असे तिघेही साधारण हेच प्रश्न पाठवत असतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. उदाहरण सगळीकडे एकाच प्रश्नावलीचं घेतलंय, ‘कूस’चं. बाकीच्या प्रश्नावल्यांना थोड्या फरकाने हेच लागू पडतं.

१. एक्स-रे आहे, एमआरआय आहे. मग रुग्णाला कागद भरायला कशाला लावायचं?

कारण एक्स-रेमध्ये दुखणं दिसत नाही. फोटोत सांध्यातली फट पार मिटलेली असते आणि माणूस रोज बाजारहाट करून येतो. दुसऱ्याचा फोटो बरा असतो, पण त्याला जिना उतरताना कठडा सोडवत नाही. उपचाराने फरक पडला का, हे शेवटी ज्याचा गुडघा त्यालाच विचारावं लागतं, आणि प्रत्येकाला एकाच पद्धतीने विचारावं लागतं. प्रश्नावली त्यासाठी असते.

‘कूस’ हे ‘नी इंज्युरी अँड ऑस्टिओआर्थ्रायटिस आउटकम स्कोअर’चं लघुरूप. स्वीडनच्या एवा रूस आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीपासून वापरात असलेली ‘वोमॅक’ ही प्रश्नावली वयस्कर, सांधा झिजलेल्या रुग्णांना बरी पडायची. खेळताना लिगामेंट तुटलेल्या पंचविशीतल्या माणसाचं मात्र तिच्यात काहीच सापडत नसे. म्हणून वोमॅकचे प्रश्न तसेच ठेवून त्यात भर घातली. एकूण ४२ प्रश्न आहेत: वेदनेचे ९, इतर लक्षणांचे ७, रोजच्या हालचालींचे १७, खेळ व मोकळ्या वेळातल्या हालचालींचे ५ आणि गुडघ्यामुळे जगण्यावर झालेल्या परिणामाचे ४. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, इथे ० म्हणजे ‘काही त्रास नाही’. प्रत्येक भागाचे गुण शेवटी ० ते १०० मध्ये मांडतात आणि १०० म्हणजे काहीच त्रास नाही. उलटं समजून घेतल्यामुळे झालेले घोळ मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

(नावावरून हसू येतं खरं. गंमत म्हणजे अंथरुणात कूस बदलताना त्रास होतो का, हाही यातला एक प्रश्न आहे.)

२. अरबी आवृत्ती आधीच आहे असं ऐकलं. मग नवीन कशाला करायची?

बऱ्याचदा करायची गरजच नसते. गुडघ्याला दुखापत झालेल्या इजिप्शियन रुग्णांसाठीची अरबी कूस २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, सौदी अरेबियातली २०१८ मध्ये. वोमॅकचं अरबी रूपांतर ट्युनिशियात २००४ मध्येच झालं होतं. लायशोम, ऑक्सफर्ड आणि आयकेडीसी या तिन्ही गुडघा-प्रश्नावल्या इजिप्तमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एकत्र अरबीत आणल्या.

तेव्हा आधी असलेली आवृत्ती मिळवा. आपल्यासारख्या आठ-दहा रुग्णांना ती वाचायला द्या आणि कुठे अडखळतात ते पाहा. दोनच शब्द अडत असतील तर त्या दोन शब्दांची डागडुजी करून तेवढीच तपासा. पाटी पुसून पुन्हा सुरुवात करण्यामागे बऱ्याचदा रुग्णाच्या अडचणीपेक्षा प्रबंधाची निकड जास्त असते, असं माझं मत आहे. त्याने एकाच भाषेत चार आवृत्त्या होतात आणि एका देशाचे आकडे दुसऱ्याशी जुळवता येत नाहीत. नवीन आवृत्तीची खरी गरज कधी पडते, ते प्रश्न ४ आणि १७ मध्ये आहे.

३. परवानगी लागते का? पैसे?

कूस वापरायला मोफत आहे. तरी नवीन भाषांतर सुरू करण्यापूर्वी मूळ कर्त्यांना कळवावं, कारण तेच काम दुसऱ्या कुणी हातात घेतलेलं असू शकतं. वोमॅक आणि ऑक्सफर्ड नी स्कोअर यांना परवाना घ्यावा लागतो. नेटवर पीडीएफ सापडली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

४. अरबी म्हणजे नेमकी कुठली अरबी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो सगळ्यात उशिरा विचारला जातो.

लिहिण्याची अरबी, म्हणजे फुस्हा, मोरोक्कोपासून इराकपर्यंत जवळजवळ एकच. वर्तमानपत्र, बातम्या, पाठ्यपुस्तकं त्याच भाषेत. पण घरात ती कुणीच बोलत नाही. कैरोतला माणूस घरी मिसरी बोलतो, बगदादचा इराकी, कासाब्लांकाचा दारिजा, आणि पहिल्या व तिसऱ्या माणसाला एकमेकांचं बोलणं समजायला बरेच कष्ट पडतात. आपल्याकडे पुस्तकी मराठी आणि मालवणी किंवा अहिराणी यांच्यात अंतर आहे, पण प्रमाण मराठी निदान काही घरांत तरी बोलली जाते. फुस्हा कुणाचीच मायबोली नाही. ती शाळेत शिकावी लागते.

म्हणून छापील प्रश्नावली साध्या फुस्हामध्ये करण्याकडे कल असतो. ती सगळीकडे वाचता येते, आणि बोलीचं लेखन ठरलेलं नसल्याने वाचायला उलट अवघड जातं. अडचण येते ती शाळेत न गेलेल्या साठीच्या बाईला कागद वाचून दाखवताना. वाचणारी नर्स फुस्हातलं वाक्य पाहते आणि बोलताना आपोआप बोलीत वळवते. ती कैरोची आणि रुग्ण येमेनी असेल तर आणखी एक भाषांतर जागच्या जागी होतं, आणि ते कुणीच तपासलेलं नसतं. वाचून दाखवायचं असेल तर बोलीतले पर्यायी शब्द आधी ठरवून कागदाच्या समासात छापा. सगळ्या वाचणाऱ्यांनी तेच वापरायचे. जिन्याला एक जण ‘दरज’ म्हणेल, दुसरा ‘सुल्लम’. तो शब्द कोणता हवा, हे आयत्या वेळी ठरू नये.

५. काम कोणत्या टप्प्यांनी होतं?

बहुतेक जण बीटन आणि सहकाऱ्यांची २००० साली ‘स्पाइन’मध्ये आलेली पद्धत वापरतात. दोन अनुवादक स्वतंत्रपणे अरबीत भाषांतर करतात. दोघांची मातृभाषा अरबी, पण एकाला विषय माहीत असतो आणि दुसऱ्याला मुद्दाम काही सांगितलेलं नसतं. मग दोन्ही भाषांतरं समोर ठेवून एक मसुदा ठरतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेले आणखी दोघे तो मसुदा उलटा इंग्रजीत नेतात. त्यानंतर अनुवादक, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओ आणि संशोधनपद्धतीचा जाणकार अशी समिती ओळ न् ओळ तपासते. शेवटी ३० ते ४० रुग्णांवर चाचणी.

प्रत्येक टप्प्यावर काय बदललं आणि का, याची लेखी नोंद ठेवा. हे रटाळ काम आहे. पण सहा महिन्यांनी एखादा परीक्षक ‘हा शब्द का निवडला’ असं विचारतो तेव्हा तीच वही वाचवते. आकडेवारीतली विश्वासार्हता (पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर येणं) आणि वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) या सगळ्यानंतर येतात, त्याबद्दल प्रश्न १४ पासून पुढे.

६. मला उर्दू येते, अरबी लिपी वाचता येते. अनुवादकांपैकी एक मी झालो तर?

नका होऊ. लिपी वाचता येणं आणि भाषा येणं यात केवढं अंतर आहे, ते ओळखीच्याच शब्दांवरून कळेल. आपण ‘तकलीफ’ म्हणतो ती दुखण्याला. अरबीत ‘तकलीफ’ म्हणजे सोपवलेली जबाबदारी किंवा खर्च, दुखण्याला ‘अलम’. आपली ‘तक्रार’ अरबीत पुनरावृत्ती होते. आणि ‘जुलूस’ म्हणजे मिरवणूक समजत असाल तर ऐका, अरबीत जुलूस म्हणजे बसणं. बसताना गुडघा दुखतो का, हा कूसमधला प्रश्न आहे. तिथे मिरवणूक निघायची!

तुमचा उपयोग समितीत आहे. गुडघ्याचं काम तुम्हाला कळतं, तेवढं तिथे सांगा.

७. उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी शब्दशः जुळलं. आता तर झालं ना?

इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कूसच्या खेळ-विभागात गुडघे टेकण्याबद्दल प्रश्न आहे. एखाद्या अनुवादकाने त्यासाठी ‘रुकू’ हा शब्द घेतला असं समजू. शब्दकोशात तो चुकीचा नाही. त्या धातूचा अर्थ वाकणं आणि गुडघे टेकणं असा दोन्ही प्रकारे दिलेला सापडतो. उलट भाषांतर करणारा ‘रुकू’ पाहतो, इंग्रजीत ‘गुडघे टेकणे’ लिहितो. समिती दोन रकाने शेजारी ठेवते, दोन्ही तंतोतंत. सगळे खूश.

आता तोच शब्द रुग्णाच्या कानावर पडू द्या. रोज नमाज पढणाऱ्या माणसाला रुकू म्हटलं की उभ्याने कमरेतून वाकून हात गुडघ्यांवर ठेवायची स्थिती आठवते. त्यात गुडघा वाकतच नाही, सरळ असतो. ज्याचा गुडघा जमिनीला टेकवताना जीव जातो तो माणूस निवांतपणे लिहितो, ‘काही त्रास नाही’. त्याचं उत्तर खरंच असतं, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

उलट भाषांतर शब्दांची चूक पकडतं, मनातल्या चित्राची नाही. उलट भाषांतर जितकं हुशार, तितकं ते अडखळलेल्या मसुद्यावरून मूळ वाक्य ओळखून काढतं आणि चूक झाकून टाकतं. म्हणून मला जुळलेल्या रकान्यांपेक्षा न जुळलेल्या रकान्यांत जास्त रस असतो. वरच्या उदाहरणात सरळ ‘दोन्ही गुडघ्यांवर खाली बसणे’ असं वर्णन करणं बरं. शब्द वाढतात, पण चित्र एकच उभं राहतं. उकिडवं बसण्याला ‘कुर्फुसा’ असा नेमका अरबी शब्द आहे, तिथे ही पंचाईत नाही. मात्र शाळा न शिकलेल्याला तो पुस्तकी वाटतो का, ते चाचणीत पाहावं.

८. नमाजाचा प्रश्न घालावा का? आमच्या रुग्णांसाठी तोच सगळ्यात मोठा आहे.

मोठा आहेच. पाच वेळच्या फर्ज (बंधनकारक) नमाजांत मिळून १७ रकात, म्हणजे आवर्तनं, होतात, प्रत्येकीत दोन सजदे, म्हणजे दिवसाला ३४ वेळा कपाळ जमिनीला टेकवायचं. दोन सजद्यांच्या मधली बैठक आपल्या वज्रासनाच्या जवळची, गुडघा पूर्ण मुडपून घ्यावी लागणारी. शिवाय जमिनीवरून उभं राहायचं. जादाच्या सुन्नत नमाजा आणि रमजानच्या रात्रीच्या तरावीह यात धरलेल्याच नाहीत. गुडघा बदलायचा का नाही हे ठरवताना बरेच रुग्ण डॉक्टरला पहिलं विचारतात ते ‘मला जमिनीवर नमाज पढता येईल का?’ आणि स्वीडन-अमेरिकेत तयार झालेल्या ४२ प्रश्नांत ही हालचाल कुठेच नाही.

तरीही ४३ वा प्रश्न म्हणून तो मूळ विभागात घुसवू नका. घुसवला की त्या विभागाचे गुण जगातल्या दुसऱ्या कुठल्याच आवृत्तीशी ताडून पाहता येत नाहीत, आणि मोडतोड केलेल्या प्रश्नावलीला कूस म्हणणंही बरोबर नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, मूळ प्रश्न तसाच ठेवून समजावण्यासाठी उदाहरण जोडणं, जसं गुडघे टेकण्यापुढे ‘उदा. सजद्यात जाताना’. दुसरा, प्रश्नावली संपल्यावर वेगळ्या शीर्षकाखाली नमाज, जमिनीवर बसून जेवण, मजलिसमध्ये गालिच्यावर बसणं यांचे तीन-चार प्रश्न विचारणं आणि त्यांचे गुण वेगळे ठेवणं. मला दुसरा मार्ग पटतो. उदाहरण जोडल्यावर मूळ प्रश्नाचा अर्थ आक्रसतो, गुडघे टेकून फरशी पुसणारी बाई फक्त सजद्याचाच विचार करते.

आणखी एक गोष्ट. अरबी बोलणारा प्रत्येक जण मुसलमान नसतो. इजिप्तचे कॉप्ट, लेबनॉन, सीरिया आणि इराकचे ख्रिस्ती हेही तुमचे रुग्ण असतील. नमाजाचे प्रश्न वेगळे ठेवले की त्यांना ते सरळ सोडून देता येतात.

जो आता खुर्चीवर बसूनच नमाज पढतो त्याचं काय, ते प्रश्न १० मध्ये.

९. बाथटब, कमोड, पायमोजे... आमच्याकडे हे नाहीच!

टबाच्या जागी ‘आंघोळीला बसणे-उठणे’ असं सैल करता येतं, पण मूळ प्रश्नात कडा ओलांडण्यासाठी पाय उचलणं आहे हे विसरू नका. आंघोळ करणं एवढंच विचारलं तर ती हालचाल गळते. शौचालयाच्या प्रश्नात कमोड की बसकं, हे सांगावंच लागतं, कारण दोन्हीत गुडघा कितीतरी वेगळा वाकतो. आखातात सँडल घालणाऱ्याला मोज्यांचा प्रश्न परका वाटतो. मोज्यांमागचा हेतू पाय वर घेऊन पावलापर्यंत हात नेणं हा आहे, तो राहील असा पर्याय समितीने शोधावा. आयकेडीसीमध्ये जड हालचालीचं उदाहरण म्हणून चक्क बर्फावरचं स्कीइंग आहे. तिथे बदल करायला कुणाची हरकत नसावी.

१०. रुग्ण ते काम करतच नसेल तर काय लिहायचं?

यात दोन अगदी वेगळी माणसं असतात. एकीच्या घरी जड काम मोलकरीण करते, तिने गुडघा चांगला असतानाही फरशी घासलेली नव्हती. दुसऱ्याने गुडघ्यामुळेच जमिनीवरची नमाज सोडून खुर्ची घेतली. पहिलीचं रिकामं उत्तर खरोखर रिकामं आहे. दुसऱ्याचं ‘मी करत नाही’ हे खरं तर ‘अतोनात त्रास’ असं उत्तर आहे, आणि तो मात्र ‘काही त्रास नाही’वर खूण करून मोकळा होतो, कारण खुर्चीवर त्याला खरंच त्रास होत नाही.

कूसच्या नियमाप्रमाणे एखाद्या विभागातल्या किमान निम्म्या प्रश्नांची उत्तरं असतील तर त्यांच्या सरासरीवर गुण काढता येतात. त्यामुळे एखादी जागा रिकामी राहिली तर बिघडत नाही. चुकीचं शून्य जास्त महाग पडतं. चाचणीच्या वेळी प्रत्येक ‘काही त्रास नाही’वर ‘हे तुम्ही शेवटचं कधी केलं?’ असं विचारून बघा. चांगलीच झोप उडते.

११. स्त्रीसाठी आणि पुरुषासाठी वेगळी प्रत छापावी का?

अरबीत ‘तू चढतोस’ आणि ‘तू चढतेस’ ही क्रियापदं वेगळी, अगदी मराठीसारखी. गुडघेदुखीच्या बाह्यरुग्ण विभागात बायकाच जास्त दिसतात, आणि सगळा कागद पुरुषाला उद्देशून लिहिलेला असला तर त्यांना तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. सोपा उपाय म्हणजे क्रियापद टाळून धातुसाधित नाम घ्यायचं. ‘जिना चढताना’ म्हटलं की लिंग उरत नाही, अरबीत ‘सुऊद अद्-दरज’नेही तेच साधतं. कूसच्या बहुतेक ओळी तशाही हालचालींची नुसती नावं आहेत. सुरुवातीच्या सूचना आणि जगण्यावरच्या परिणामाचे चार प्रश्न एवढ्यातच ही कसरत करावी लागते.

१२. पर्यायांचे रकाने, आकडे, डावी-उजवी बाजू यात काय सांभाळायचं?

अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा पहिला पर्याय उजवीकडे. शब्द फिरवले आणि गुणांची चावी जुनीच राहिली, तर सगळे गुण उलटे पडतात.

पूर्वेकडच्या अरब देशांत आकडे वेगळे लिहितात, मोरोक्को-ट्युनिशियात युरोपीय आकडे चालतात. पूर्वेकडचा अरबी पाच हुबेहूब आपल्या देवनागरी शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. वेदनेची ० ते १० पट्टी हाताने भरून घेतली आणि डेटा एंट्रीला मराठी मुलगा बसवला, तर काय होईल ते सांगायला नको.

तिसरी खोच खुद्द कूसमध्ये आहे. लक्षणांच्या पहिल्या तीन प्रश्नांत पर्याय ‘कधीच नाही’पासून सुरू होतात. पुढचे दोन, गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि पूर्ण वाकतो का, हे ‘नेहमी’पासून सुरू होतात, कारण तिथे ‘नेहमी’ हेच चांगलं उत्तर आहे. टंकलेखक हे सारखं करायला जातो. त्याला करू देऊ नका.

१३. तीस-चाळीस रुग्णांच्या चाचणीत नक्की विचारायचं काय?

‘समजलं का?’ हे सोडून काहीही विचारा. पाहुणचाराच्या संस्कृतीत वाढलेला माणूस कागद देणाऱ्याचं मन मोडत नाही, ‘समजलं’ असंच म्हणतो. त्याऐवजी ‘हा प्रश्न तुमच्या बायकोला कसा समजावून सांगाल?’ असं विचारा. ‘हे उत्तर देताना डोळ्यांसमोर काय आलं?’ हेही चांगलं. प्रश्न ७ मधला रुकू अशाच एका वाक्यात उघडा पडतो.

दुखतं का असं विचारलं की पहिलं उत्तर बहुधा ‘अल्हम्दुलिल्लाह’ येतं. ते उत्तर नसतं, उत्तराच्या आधीचा श्वास असतो. आपल्याकडचे आजोबा ‘देवाची कृपा’ म्हणतात तसंच. ‘काही त्रास नाही’वर खूण न करता थांबायचं, पुढचं वाक्य येतं.

गुडघ्यातल्या आवाजाच्या प्रश्नावर वेळ घाला. आपल्या कटकट, कुरकुर यांच्यासारखा अरबीत ‘तक्तका’ हा ध्वनीवरून आलेला शब्द आहे आणि तो लगेच कळतो. ‘गुडघ्यावर भरवसा वाटत नाही’ या प्रश्नाचं मात्र शब्दशः भाषांतर काहींना विचित्र वाटतं, कारण भरवसा माणसावर असतो. गुडघा दगा देईल अशी भीती, अशा वळणाने विचारावं लागेल.

१४. किती रुग्ण पुरतील?

विश्वासार्हता आणि वैधतेसाठी ५० हा खालचा आकडा धरतात. कॉस्मिनच्या (अशा प्रश्नावल्या तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय) निकषांनुसार १०० किंवा जास्त असतील तर उत्तम. घटक-विश्लेषण (कोणते प्रश्न एका गटात बसतात ते आकडेवारीने पाहणं) करायचं असेल तर प्रश्नांच्या सातपट, म्हणजे ४२ प्रश्नांना २९४. इतके जमणार नसतील तर ते विश्लेषण करूच नये. साठ रुग्णांवरचं घटक-विश्लेषण म्हणजे पत्त्यांचा बंगला.

१५. माझा क्रॉनबाख अल्फा ०.९७ आला. पेढे वाटू का?

थांबा. ०.७० ते ०.९५ हा चांगला पट्टा मानतात. त्याच्या वर गेलं तर बहुधा प्रश्न एकमेकांची री ओढतायत. कूसमध्ये मोजे घालणं आणि मोजे काढणं हे वेगळे प्रश्न आहेत, रोजच्या हालचालींचा विभाग चढा येतो यात नवल नाही. शिवाय अल्फा फक्त प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच सांगतो. सगळे प्रश्न एकाच दिशेने चुकले असले तरी तो तितकाच छान येतो.

पेढ्यांचा विषय निघालाच तर आयसीसीवर, म्हणजे दोन वेळच्या गुणांच्या जुळणीच्या आकड्यावर, काढावा. तोच रुग्ण, तोच गुडघा, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तीच प्रश्नावली. आयसीसी किमान ०.७० हवा. मधल्या काळात फिजिओथेरपी सुरू झाली, इंजेक्शन दिलं, रमजान लागला, तर तो गुडघा तोच राहत नाही. दुसऱ्या वेळी ‘मागच्यापेक्षा काही बदल?’ एवढा एक प्रश्न विचारून बदललेल्यांना बाजूला काढा.

मग मोजमापाची चूक काढा. समजा गुणांचं प्रमाण विचलन १८ आहे आणि आयसीसी ०.९०. मोजमापाची प्रमाण चूक होते १८ गुणिले ०.१० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.७. त्याला १.९६ आणि २ च्या वर्गमुळाने गुणलं की १५.८. म्हणजे एका रुग्णाचे गुण १६ ने वाढले तरच तो बदल खरा म्हणायचा, १० ने वाढले तर कदाचित त्या दिवशीची हवा बरी असेल. ०.९० सारखा देखणा आकडा असूनही! रुग्णाला ‘तुम्ही सुधारलात’ सांगण्यापूर्वी हा हिशोब करावा.

१६. वैधता दाखवायला वोमॅकशी तुलना केली, संबंध ०.९५ आला. परीक्षक तरी हसले. का?

कारण वोमॅक कूसच्या पोटातच आहे (प्रश्न १). रोजच्या हालचालींचे १७ प्रश्न तेच आहेत. तुम्ही माणसाची तुलना त्याच्या फोटोशी केलीत.

गुडघ्याच्या त्रासाला सोन्याची फूटपट्टी नाही, म्हणून अपेक्षा आधी लिहून ठेवून तपासतात. अरबीत उपलब्ध असलेली आरएएनडी-३६ ही सर्वसाधारण आरोग्याची प्रश्नावली घेता येते. शारीरिक क्षमतेच्या भागाशी कूसचा संबंध जास्त येईल, मानसिक आरोग्याशी कमी, असे अंदाज आकडे पाहण्यापूर्वी मांडायचे. चार अंदाजांपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के, खरे ठरले की समाधान मानतात. अंदाज आकडे पाहून लिहिलेत की लगेच कळतं, सगळे बरोबर आलेले असतात.

याच संदर्भात दोन उपप्रश्न कायम येतात. वयस्कर रुग्णांचे खेळ-विभागातले गुण तळाला चिकटतात. १५ टक्क्यांहून जास्त रुग्ण अगदी खालच्या किंवा अगदी वरच्या गुणावर असतील तर ते नोंदवावं. त्यात भाषांतराचा दोष असेलच असं नाही, सत्तरीतल्या बाईंना उड्या मारता येतात का असं आपणच विचारलेलं असतं. आणि पाचही विभागांची बेरीज करून एक आकडा काढू नये. कूस मुळात पाच वेगळे आकडे देण्यासाठीच आहे. काही उपचार-चाचण्यांत रोजच्या हालचाली वगळून चार विभागांची सरासरी घेतलेली दिसेल, पण ती संशोधनातल्या एका ठरावीक गरजेसाठी असते. रुग्णाच्या फाइलवर नको.

१७. येमेनहून मुंबईत आलेल्या रुग्णाला इजिप्तची आवृत्ती दिली तर?

वाचता येत असेल तर द्या, काहीच न देण्यापेक्षा बरीच चांगली. फक्त तीन गोष्टी नोंदवा: कोणती आवृत्ती दिली, रुग्णाने स्वतः वाचली की कुणी वाचून दाखवली, आणि कुठल्या प्रश्नांवर शब्द समजावावे लागले. इजिप्तची आवृत्ती दुखापतग्रस्तांवर तपासलेली आहे, तुमचा रुग्ण झिजेचा असेल तर तेही ध्यानात ठेवा. शंभरेक रुग्ण झाल्यावर तिसरी नोंद उघडून पाहा. तेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा दिसले तर नव्या आवृत्तीचं, निदान त्या चार ओळींचं, काम खरंच सुरू करायला हवं.

सोबत आलेला मुलगा किंवा भाऊ दुभाष्या असेल तर त्याला बाजूला बसवा. तो वडिलांच्या वतीने उत्तरं देतो, आणि शस्त्रक्रिया व्हावी असं वाटत असेल तर दुखणं वाढवून सांगतो, घरी लवकर परतायचं असेल तर कमी करून. शौचालयाच्या प्रश्नावर आई मुलासमोर काहीच बोलत नाही. रुग्णालयाने नेमलेला दुभाष्या असेल तर त्याला प्रश्नावली आदल्या दिवशी वाचायला द्या. आणि पुढच्या भेटीला, सहा महिन्यांनी, रुग्ण येमेनमध्ये, सना शहरात परतलेला असताना फोनवरून हीच प्रश्नावली घेणार असाल, तर पहिल्या वेळीही वाचून दाखवूनच घ्या. एकदा कागदावर आणि एकदा फोनवर घेतलेल्या गुणांतला फरक गुडघ्याचा की पद्धतीचा, हे नंतर सांगता येत नाही.